वाटी भरलेली होती

परवा शेजारच्या काकू सहज म्हणून आल्या, माझ्या झेब्रा फिंच या छोट्या पाखरांच्या पिंजऱ्यापाशी जरा वेळ उभ्या राहिल्या, चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हणाल्या, "अगं, मी सांभाळली होती ती हीच दोघं ना?" आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले. झालं एवढंच. त्या दोन मिनिटं च्यक् च्यक् करून त्यांच्याशी बोलल्या आणि गेल्या. पण रात्री अंथरुणावर पडले तरी तो "हो" घशात अडकल्यासारखा अडकून बसला, कारण ती दोघं ही नाहीयेत. नर तोच आहे, मादी दुसरी आहे. पहिली मादी काकूंनी पिंजरा सांभाळला त्याच वेळी गेली आणि वर्ष होत आलं तरी मी हे त्यांना सांगितलेलं नाही.

त्या शुक्रवारी सकाळी गावाला निघताना मी काकूंना किल्ली दिली आणि सगळं व्यवस्थित दाखवलं. पाणी रोज बदलायचं. ट्रेमधला कागद रोज बदलायचा. अंधार पडायच्या आधी वरून पातळ चादर टाकायची पण समोरची बाजू उघडी ठेवायची, छोटा दिवा चालू ठेवायचा, कारण रात्री काही खट्ट वाजलं आणि मिट्ट काळोख असला की ही पाखरं घाबरून तारांवर आपटतात. दाराला क्लिप न विसरता लावायची. आणि दाणे संपले तर या डब्यातले घालायचे. "संपले तर". मी अगदी हेच शब्द वापरले होते, मला आजही ऐकू येतात ते.

रविवारी दुपारी परत आले तर दार उघडल्या उघडल्याच कळलं की काहीतरी चुकलंय. आवाज नव्हता. ज्यांच्या घरात झेब्रा फिंच आहेत त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल, दिवसभर तो खेळण्यातल्या पिपाणीसारखा मीप मीप आवाज इतका चालू असतो की कानाला तो ऐकूच येईनासा होतो, आणि बंद पडला की मात्र छातीत धस्स होतं. नर वरच्या दांडीवर पिसं फुलवून नुसता गोळा होऊन बसलेला. मादी खाली ट्रेच्या कोपऱ्यात. पाणी स्वच्छ, कागद नवाकोरा, क्लिप लावलेली, आणि दाण्याची वाटी काठोकाठ भरलेली. मी वाटीत बोट घातलं तर ते सरळ आत गेलं, कापसात गेल्यासारखं. मग फुंकर मारली. सगळी वाटी उडाली. पिवळसर फोलपटं माझ्या तोंडावर, केसांत, पिंजऱ्याच्या तारांवर, आणि खाली वाटीचा पांढरा तळ. एक दाणा नाही.

फिंच दाणा अख्खा गिळत नाही. चोचीच्या कडेला धरून जिभेने फिरवते, एका क्षणात सोलते, आतला गर घेते आणि साल तिथल्या तिथे टाकते. ती साल परत वाटीतच पडते. त्यामुळे राळ्याची वाटी रिकामी होत जाते तेव्हा ती रिकामी दिसतच नाही, उलट सालं फुगून बसतात म्हणून कधी कधी आधीपेक्षा जास्तच भरलेली दिसते. हे मला माहीत होतं. पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. रोज सकाळी पिंजऱ्यापाशी गेले की मी आधी वाटीवर फुंकर मारायचे, खालचे दाणे बघायचे, मग वरून ताजे घालायचे. पण ती फुंकर इतकी अंगवळणी पडली होती की ते एक काम आहे असंच मला वाटत नव्हतं. म्हणून काकूंना कामं सांगताना ती सांगायची राहिली.

झेब्रा फिंच म्हणजे जेमतेम बारा ग्रॅम वजन, तीन छोटे चमचे साखर घ्या, तेवढा जीव. अंगातली उष्णता मात्र चाळीस अंशांच्या वर. ती भट्टी पेटती ठेवायला दिवसभर थोडं थोडं खात राहावं लागतं, फारसं साठवून ठेवायला जागा नाही शरीरात. मोठ्या पक्ष्याला एखादा दिवस उपाशी काढता येईल, यांचा तेवढ्यात खेळ संपू शकतो. त्यात मादीने आदल्याच आठवड्यात अंडी घातली होती, अंगातला होता नव्हता तो कस तिकडेच गेलेला. मी दाणे घातले, पिंजऱ्याच्या एका बाजूला टेबल लॅम्प लावून ऊब दिली, पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावत राहिले पण रविवार होता, लागला नाही. नर ताबडतोब वाटीवर तुटून पडला. मादी आली, चक्क वाटीतच बसली, दोन-तीन दाणे सोलले, आणि मग दाण्यांवरच डोळे मिटून बसून राहिली. सोमवारी उजाडताना ती गेली होती. रविवारी संध्याकाळी काकूंचा फोन आला होता, "नीट आहेत ना गं पाखरं? मी रोज बघत होते, वाटी भरलेलीच होती." मी म्हटलं, "हो काकू, मजेत आहेत."

तेव्हा ती जिवंत होती, म्हणजे निदान त्या दिवशीचं उत्तर अर्धंच खोटं होतं असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय.

खरं तर पिंजऱ्याच्या बाबतीत दिसण्यावर जाऊन मी आधीही चुकले होते. लेकीच्या हट्टाने पाखरं आणायची ठरली तेव्हा पहिला पिंजरा आम्ही आणला तो गोल, उंच, वर घुमट असलेला, कंदिलासारखा. खिडकीपाशी टांगला की इतका सुंदर दिसायचा. पाखरं सोडली आणि दोन दिवसांत लक्षात आलं की ती त्यात उडत नाहीयेत, नुसती वर-खाली धडपडतायत. पोपट चोचीने तारा धरून चढतो, त्याला उंची कामाची. फिंच चढत नाही, ती या टोकाकडून त्या टोकाकडे सरळ रेषेत उडते, तिला लांबी हवी. आणि गोल पिंजऱ्याला कोपरा नसतो, म्हणजे घाबरल्यावर पाठ टेकवून बसायला जागाच नसते, हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्या पाखरांनी तीन आठवडे तशातच काढले, नराच्या शेपटीची पिसं तारांना घासून झडली, आणि मी फोटो काढत होते. मग आडवा पिंजरा आणला, तीस इंच लांब, अठरा रुंद, अठरा उंच. एका जोडीला निदान एवढा तरी हवाच, याहून मोठा घेता आला तर नक्की घ्यावा. दोन तारांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आत पाहिजे, मी करंगळी घालून बघते, करंगळी आरपार गेली तर तो पिंजरा फिंचसाठी नाही, कारण डोकं बाहेर निघतं आणि परत आत येत नाही. आणि तारांवरचा मुलामा बघायचा. जस्ताचा मुलामा सुटून पापुद्रे निघत असतील तर ते चोचीतून पोटात जातात आणि विषबाधा होते. पिंजरा घेताना यातलं काहीही कोणी सांगत नाही, रंग कोणता हवा एवढंच विचारतात.

नवा पिंजरा लावला तेव्हा तो मला फार रिकामा वाटला. आत दोन पाखरं आणि एवढी मोठी मोकळी जागा, बघवेना. म्हणून मी झोका लावला, घंटी लावली, प्लॅस्टिकची हिरवी पानं, शिडी, तीन दांड्या मधोमध. लेक खूश, मी खूश. पाखरं मात्र एका दांडीवर बसून राहायची. शेवटी एका सकाळी सफाईला सगळं बाहेर काढलं आणि वाळेपर्यंत तसंच ठेवलं, तर दोघंही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे भर्रकन जात होती, येत होती, जात होती, आणि त्यांच्या पंखांचा तो पत्ते पिसल्यासारखा फर्रफर्र आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मी जे भरून काढत होते तेच तर त्यांचं आकाश होतं. तेव्हापासून दोन्ही टोकांना दांड्या, मध्ये काही नाही. दांड्याही पिंजऱ्याबरोबर आलेल्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या काढून टाकल्या, एकाच जाडीवर दिवसरात्र बसून पायाचे तळवे सोलवटतात. झाडाच्या फांद्या आणल्या, औषध न फवारलेल्या, घासून धुवून कडक उन्हात वाळवून, कुठे जाड कुठे बारीक, थोड्या वाकड्या. वाटीच्या आणि पाण्याच्या बरोब्बर वर दांडी येऊ द्यायची नाही, नाहीतर सगळी घाण दाण्यात. पिंजरा भिंतीला लावून, साधारण आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. खाली ठेवला की येणारा-जाणारा प्रत्येक माणूस वरून झेपावणाऱ्या ससाण्यासारखा वाटत असणार त्यांना.

आणि स्वयंपाकघरापासून लांब. हे मात्र मी सुरुवातीपासून पाळलं. नॉनस्टिक तवा गॅसवर विसरला आणि फार तापला की त्याच्या मुलाम्यातून जी वाफ सुटते ती आपल्याला फारशी जाणवतही नाही, पाखरं मात्र काही मिनिटांत मरून पडतात. त्यांची श्वासाची यंत्रणाच वेगळी आहे, फुप्फुसांच्या मागेपुढे हवेच्या पिशव्या असतात आणि श्वास आत घेताना काय, बाहेर सोडताना काय, ताजी हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते. उडायला एवढा प्राणवायू लागतो म्हणून ही सोय, आणि त्याच सोयीमुळे विषारी वायूही त्यांना आधी गाठतो. कोळशाच्या खाणीत कॅनरी नेत ते यासाठीच. कॅनरी म्हणजे असाच एक छोटा गाणारा पक्षी. ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून ही पद्धत सुरू झाली आणि पार १९८६ साली कॅनरीच्या जागी यंत्रं आणायचं ठरलं. पण मला त्यातलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते वेगळंच. काही खाणींत कॅनरीसाठी एक खास पिंजरा असायचा, त्याच्यावर ऑक्सिजनची छोटी नळकांडी बसवलेली. पक्षी गुंगी येऊन दांडीवरून खाली पडला की दार बंद करायचं, नळी उघडायची आणि त्याला शुद्धीवर आणायचं. जमिनीखाली, स्वतःचा जीव मुठीत धरून पळायच्या वेळी, कोणीतरी ती नळी उघडायला थांबत असेल. मी त्या पिंजऱ्याचा फोटो बराच वेळ बघत बसले होते.

पहिल्या मादीला मी एकदाच हातात घेतलं होतं. फिंचला हात लावलेला आवडत नाही, ती माणसाळणारी पाखरं नव्हेत, आपण बघायचं आणि त्यांनी त्यांचं जगायचं, असा तो व्यवहार. पण त्यांना घरटं करायला मी हौसेने लोकरीचे धागे ठेवले होते, वाटलं मऊ आहे, ऊब मिळेल. सकाळी बघते तर मादी दांडीखाली उलटी लोंबकळतेय, एक पाय धाग्यात गुंतलेला, पंख फडफडून दमलेले. डाव्या मुठीत तिला धरलं, मान पहिल्या दोन बोटांमध्ये, छातीवर अजिबात दाब येऊ न देता कारण छाती हलली नाही तर ती गुदमरते. उजव्या हातात नखं कापायची छोटी कात्री. धागा पायाला इतका करकचून आवळला होता की कात्रीचं टोक कुठे घालू ते कळेना. आणि मुठीत ती नुसती थरथरत होती, ठोके वेगळे असे लागतच नव्हते, सगळं मिळून एक कंप, फोन व्हायब्रेटवर असल्यासारखा. एक-एक पीळ कापत गेले. शेवटचा सुटला तेव्हा तिने माझ्या अंगठ्याला चोच मारली, फारसं लागलं नाही, आणि हातातून निसटून वरच्या दांडीवर जाऊन बसली, तो पाय वर धरून. मी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले. त्यानंतर घरट्याला काथ्या आणि सुकं गवत, तेही आखूड तुकडे करून. लांब दोरा, केस, कापूस काही नाही.

घरटंही नंतर काढूनच टाकलं खरं तर. घरटं दिसलं की ही जोडी अंडी घालतच राहते, एक खेप झाली की दुसरी, थांबणं माहीतच नाही. ती मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातली, तिथे पावसाचा भरवसा नाही, पाऊस पडला आणि गवताला दाणे आले की लगेच पिल्लं काढून घ्यायची, ही त्यांच्या रक्तातली घाई. पिंजऱ्यात दाणे रोजच असतात, म्हणजे त्यांच्या लेखी पाऊस कधी थांबतच नाही. मग मादीच्या हाडांतलं कॅल्शियम संपत जातं, अंडं अडकून तिचा जीव जाऊ शकतो. समुद्रफेसाचा तुकडा कायम तारेला अडकवलेला असतो, अंड्याची टरफलं उकळून वाळवून कुटून ठेवते, तरी घरटं सतत नकोच. त्यांची वाळवंटातली सवय पाणी पितानाही दिसते, बघा कधीतरी. कोंबडी किंवा चिमणी घोट घेऊन मान वर करते, झेब्रा फिंच चोच पाण्यात बुडवून कबुतरासारखी सलग ओढून पिते, पटकन प्यायची आणि निघायचं. घरात कोणताच ससाणा नाही, तरी तिची घाई तेवढीच.

मादी गेल्यावर नर हाका मारायचा. गाणं वेगळं आणि हाक वेगळी. गाणं तो बापाकडून शिकलेला असतो, पहिल्या तीनेक महिन्यांत जे कानावर पडलं ते घोकून घोकून पक्कं झालेलं आणि मग आयुष्यभर तेच. म्हणजे माझ्या घरात रोज सकाळी जे वाजतं ते मी कधीही न पाहिलेल्या एका नराचं गाणं आहे, हे कळलं तेव्हापासून मी ते जरा थांबून ऐकते. हाक मात्र जोडीदारासाठी. एक टाहो फोडल्यासारखी टांग्, मग थांबायचं, मान तिरकी करून ऐकायचं, परत टांग्. जोडीदाराचा आवाज ती नेमका ओळखतात, दुसऱ्या फिंचच्या आवाजाने फसत नाहीत. नऊ दिवस तो हाका मारत होता. गाणं बंद. मी पिंजरा पुसायचे, कागद बदलायचे, वाटीवर फुंकर मारायचे, दोनदा, तीनदा, आणि तो माझ्याकडे न बघता दाराच्या दिशेला हाक मारायचा. लेकीने तेव्हा मला विचारलं, "काकूंना सांगितलंस?" मी म्हटलं त्यांना उगाच वाईट वाटेल. तिने काही म्हटलं नाही. मला मात्र माहीत होतं की ते कारण खरं असलं तरी पुरतं खरं नव्हतं. काकूंना सांगायचं म्हणजे फुंकर मारायची असते हे सांगायचं, आणि मग त्यांनी विचारलंच असतं, "मग तू मला सांगितलं का नाहीस?"

फिंचला एकटं ठेवू नये, थव्यातला पक्षी आहे तो, म्हणून दुसरी मादी आणली. आणल्यावर सरळ पिंजऱ्यात सोडायची नसते, महिनाभर दुसऱ्या खोलीत वेगळी ठेवायची, काही आजार असेल तर दिसून येतो. पक्षी आजार लपवतात, अगदी पडायची वेळ येईपर्यंत, म्हणून रोज नीट बघावं लागतं, पिसं फुललीयेत का, विष्ठा कशीये, श्वास घेताना शेपटी वर-खाली होतेय का, रात्री शांततेत कान लावला तर श्वासात टिक टिक येतेय का. त्या महिन्यात भिंतीच्या पलीकडून ती बोलायची आणि हा ऐकायचा. आधी नुसता ऐकायचा. मग एका दुपारी त्याने गायला सुरुवात केली, तेच गाणं, बापाचं, आणि मला आनंद झाला आणि लगेच तिच्या बाजूने रागही आला, जी वाटीत बसून राहिली होती तिच्या. हे दोन्ही एकदमच झालं, त्याला मी काय करू.

आता पुढच्या आठवड्यात परत चार दिवस बाहेर जायचंय. ऑटोमॅटिक दाण्याची बाटली मिळते, पण तिचं तोंडही फोलपटांनीच बंद होतं. लेक म्हणाली काकूंनाच सांग. म्हणून आज सकाळी त्यांना बोलावलं. आधीच ठरवून कालपासूनची वाटी तशीच ठेवली होती, आणि पाखरांना दुसऱ्या वाटीत ताजे दाणे घातले होते. काकू आल्या. मी पाणी, कागद, चादर, क्लिप काही न सांगता ती वाटी बाहेर काढून त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "काकू, यात दाणे आहेत?"

"आहेत की. भरलेली आहे."

"फुंकर मारा."

त्यांनी हलकी मारली. वरचा थर हलला. मग जोरात मारली, आणि सगळं उडालं, त्यांच्या चष्म्यावर, पदरावर, पांढऱ्या केसांवर. त्या वाटीच्या तळाकडे बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मागे नराचं गाणं चालू होतं आणि ते संपेपर्यंत आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

"म्हणजे तेव्हा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मी म्हटलं, "हो काकू. ही ती नाहीये. चूक माझी होती, मी तुम्हाला हे दाखवलंच नव्हतं."

त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चष्म्यावरची फोलपटं तशीच होती, त्यांनी ती पुसली नाहीत. रिकामी वाटी एका हातात घट्ट धरून दुसरा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "डबा दे इकडे."